खर्चाची नोंद होती, तुलना होत नव्हती: प्रकल्प-खर्चाच्या डेटाबेसचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका बांधकाम संस्थेचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि पुढे येणारे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

या संस्थेची एकाच वेळी अनेक कामं चालू असत: नव्या इमारती, जुन्यांची दुरुस्ती, वाढीव मजले. प्रत्येक कामाला एक प्रकल्प प्रमुख आणि प्रत्येक प्रमुखाची स्वतःची एक्सेल फाइल. सगळ्या फाइली मुळात एकाच नमुन्यावरून निघाल्या होत्या. पण ज्याने त्याने गरजेप्रमाणे रकाने वाढवले, काही काढले, नावं बदलली. काही वर्षांनी त्या नमुन्याची खूण फक्त पहिल्या पानावरच्या शीर्षकात उरली होती.

दुसरीकडे लेखा विभागाचं सॉफ्टवेअर होतं. कोणत्या पुरवठादाराला किती पैसे गेले, किती देणं आहे, कर किती भरला, हे ते बिनचूक सांगे. पण अमुक इमारतीच्या पायावर किती खर्च झाला हा प्रश्न त्याच्यासाठी नव्हताच. म्हणजे नोंदी दोन ठिकाणी, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, आणि एकमेकींशी बोलत नसलेल्या.

अडचण कशी समोर आली

संस्थेने जवळपास सारख्या दोन इमारती बांधल्या होत्या. क्षेत्रफळ सारखं, मजले तितकेच, वापरही तोच. तशीच तिसरी बांधायची होती आणि तिचं अंदाजपत्रक करायला घेतलं तेव्हा दिसलं की दुसऱ्या इमारतीचा विद्युत कामाचा खर्च पहिलीच्या दीडपट आहे. व्यवस्थापनाने साहजिकच विचारलं की हे का झालं आणि तिसऱ्या इमारतीसाठी कोणता आकडा धरायचा.

दोन्ही फाइली शेजारी ठेवून पाहिल्यावर चार गोष्टी उघड झाल्या. पहिल्या फाइलीत वायरिंगची मजुरी ‘मजुरी’ या सर्वसाधारण शीर्षाखाली गेली होती, दुसरीत ‘विद्युत काम’ या शीर्षाखाली. एकीत रकमा कराशिवाय, दुसरीत करासह. एका प्रमुखाने बिल आलं की नोंद केली, दुसऱ्याने पैसे दिल्यावर. शिवाय पहिल्या इमारतीच्या कंत्राटदाराचं शेवटचं बिल अजून यायचं होतं.

थोडक्यात, दिसणाऱ्या फरकाचा किती भाग खर्चातला आणि किती भाग नोंदीच्या पद्धतीतला, हे कोणालाच सांगता येईना. प्रत्येक प्रमुखाला आपल्या कामाचा पैसा-पैसा माहीत होता आणि तरीही दोन कामांची तुलना होत नव्हती. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. खर्चावर लक्ष ठेवणं आणि खर्चाची तुलना करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यासाठी एका माणसाची शिस्त पुरते. दुसऱ्यासाठी सगळ्यांनी मिळून ठरवलेला अर्थ लागतो. डेटाबेसचा आराखडा म्हणजे हा अर्थ लिहून ठेवण्याची जागा.

समोरचे पर्याय

चार पर्यायांवर चर्चा झाली.

सर्वांसाठी एकच नवी एक्सेल फाइल आणि ती न बदलण्याचा दंडक, हा सर्वात स्वस्त मार्ग. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, तेव्हा जागेचा प्रश्न नव्हता. प्रश्न असा की शीट चुकीच्या नोंदीला सहसा अडवत नाही. ‘३-१२’ असा बिल क्रमांक लिहिला की ती त्याची तारीख करून टाकते, क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गाळते, पुरवठादाराचं नाव चार तऱ्हांनी लिहिलं तर चार पुरवठादार मानते. नोंद तपासणारे नियम बसवता येतात, पण दुसऱ्या शीटवरून कॉपी करून चिकटवलं की तेही निसटतात.

दुसरा पर्याय लेखा सॉफ्टवेअरमधल्या ‘कॉस्ट सेंटर’ सोयीचा, म्हणजे खर्च कामागणिक किंवा विभागागणिक वेगळा नोंदण्याच्या सोयीचा. लेखा विभागाचा याला पाठिंबा होता आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: बिल तिथे नोंदलं जातंच, मग तेच दुसरीकडे कशाला लिहायचं? पण तिथली खाती कर आणि ताळेबंद यांच्या सोयीने मांडलेली होती. साहित्याचं परिमाण, अंदाजपत्रकाच्या आवृत्त्या, दिलेली पण बिल न आलेली ऑर्डर, यांना तिथे जागा नव्हती.

तिसरा पर्याय तयार प्रकल्प-व्यवस्थापन सॉफ्टवेअरचा. ते चाललं असतं. पण खर्चाची शीर्षं कशी असावीत हेच संस्थेत ठरलेलं नव्हतं. ते न ठरवता सॉफ्टवेअर घेतलं असतं तर जुना गोंधळ नव्या पडद्यावर आला असता.

चौथा पर्याय, म्हणजे स्वतःचा छोटा रिलेशनल डेटाबेस (एकमेकांशी क्रमांकांनी जोडलेली टेबलं), निवडला गेला. मात्र एका अटीवर: पैसे दिल्याची अंतिम नोंद लेखा विभागाचीच राहील आणि दर महिन्याला दोन्हींची रुजवात घातली जाईल, म्हणजे नोंदी ताडून पाहिल्या जातील. ही अट लेखा विभागाने सुचवली, आणि पुढे सर्वात जास्त उपयोग तिचाच झाला.

डेटाबेसचं सॉफ्टवेअर म्हणून पोस्टग्रेएसक्यूएल घेतलं. एसक्यूलाइटचाही विचार झाला होता, पण त्यात एका वेळी एकच जण लिहू शकतो, दशांश रकमांसाठी अचूक प्रकार नाही, आणि फॉरेन कीची तपासणी (नोंदीतला क्रमांक दुसऱ्या टेबलात खरोखर आहे ना, हे पाहणं) सर्वसाधारणपणे डेटाबेसशी संपर्क जोडताना दर वेळी आठवणीने चालू करावी लागते. मायएसक्यूएलची हाताशी असलेली आवृत्ती जुनी होती, ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या ‘चेक’ अटी (नोंद ठरलेल्या नियमात बसते ना, हे पाहणाऱ्या) लिहून घेतात, पण पाळत नाहीत. जिथे सगळा भर चुकीची नोंद अडवण्यावर आहे, तिथे हे चालण्यासारखं नव्हतं.

पहिला निर्णय: एक ओळ म्हणजे काय?

टेबलं आखण्याआधी हा प्रश्न सोडवावा लागला. सुरुवातीची कल्पना ‘एक ओळ म्हणजे एक बिल’ अशी होती. पण सिमेंटचा एकच ट्रक दोन साइटवर उतरतो. एकाच कंत्राटदाराच्या बिलात प्लंबिंग आणि फरशी दोन्ही असतात. बिलाला एकच प्रकल्प आणि एकच शीर्ष चिकटवलं, तर पहिल्याच महिन्यात कोणीतरी बिल तोडून दोन खोटी बिलं नोंदवणार हे दिसत होतं.

म्हणून बिल आणि त्याची वाटणी वेगळी केली. ‘बिल’ या टेबलात पुरवठादार, बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम. ‘बिल-ओळ’ या टेबलात कोणतं बिल, कोणता प्रकल्प, कोणतं शीर्ष, परिमाण, एकक, कराशिवाय रक्कम आणि कर. ओळींची बेरीज बिलाच्या एकूण रकमेइतकी झाल्याशिवाय बिल ‘पक्कं’ होत नाही. पुरवठादार आणि बिल क्रमांक यांची जोडी एकदाच येऊ शकते, त्यामुळे तेच बिल दोन साइटवरून दोनदा चढणं बंद झालं. बिल क्रमांक अंक म्हणून न ठेवता मजकूर म्हणून ठेवला, शून्यं शाबूत राहावीत म्हणून.

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल पद्धत मांडली, आणि त्यातून पुढे आलेला नियम असा की प्रत्येक माहिती एकाच ठिकाणी असावी. पुरवठादाराचं नाव पुरवठादाराच्या टेबलात एकदाच. बाकी सगळीकडे त्याचा क्रमांक. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चार तऱ्हांनी लिहिलेली नावं एकत्र आणल्यावर कोणाकडून किती खरेदी होते हे संस्थेला पहिल्यांदाच नीट दिसलं.

दुसरा निर्णय: शीर्षांची यादी

सर्वात जास्त वेळ इथे गेला आणि तो जायलाच हवा होता. सगळ्या फाइलींमधली शीर्षं एकत्र केली तेव्हा लांबलचक यादी झाली: ‘विद्युत’, ‘वायरिंग’, ‘विद्युत मजुरी’, ‘लाइटचं सामान’, ‘इलेक्ट्रिकल व इतर’. कोणतं नाव योग्य यावर बैठकीमागून बैठका झाल्या.

वाद सुटला तो नाव निवडून नाही. एका साइट अभियंत्याने लक्ष वेधलं की ‘विद्युत’ आणि ‘मजुरी’ ही एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत. विद्युत हा कामाचा भाग आहे, मजुरी हा खर्चाचा प्रकार. दोन्ही एकाच यादीत कोंबल्यामुळे वायरिंगच्या मजुरीला दोन घरं मिळत होती आणि ज्याला जे सुचे तिथे तो ती टाकत होता.

मग दोन रकाने केले. कामाचा भाग: पाया, बांधणी, छत, विद्युत, प्लंबिंग, रंग वगैरे. खर्चाचा प्रकार: साहित्य, मजुरी, यंत्रभाडं, वाहतूक, शुल्क. प्रत्येक ओळीला दोन्ही सक्तीचे. यादी छोटी झाली आणि विद्युत कामाची मजुरी किंवा सगळ्या कामांची मजुरी, दोन्ही एका क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नात, मिळू लागली. या आराखड्यातली एकच गोष्ट दुसऱ्या कोणी उचलावी असं विचारलं, तर मी हीच सांगेन.

कामाच्या भागाला झाडासारखी रचना दिली. प्रत्येक शीर्षाला त्याचं वरचं शीर्ष, आणि नोंद फक्त शेवटच्या पातळीवर. वरच्या पातळीवर नोंद करायची मुभा दिली की अर्धा खर्च ‘विद्युत’वर आणि अर्धा त्याखालच्या ‘दिवे व पंखे’वर जातो, आणि खालच्या पातळीवरची तुलना पुन्हा बिघडते.

‘इतर’ हे शीर्ष ठेवायचं की नाही यावर दोन गट पडले. ते ठेवलं, पण वर्णन लिहिल्याशिवाय ओळ स्वीकारायची नाही आणि महिन्याच्या शेवटी ‘इतर’मधल्या नोंदी तपासायच्या, असं ठरलं. ते काढून टाकलं असतं तर लोकांनी मनाला येईल ते दुसरं शीर्ष निवडलं असतं, आणि चुकीच्या जागी बसलेला खर्च ‘इतर’पेक्षा शोधायला कठीण.

तिसरा निर्णय: कोणती तारीख, कोणता अंदाज

खर्चाला किमान तीन तारखा असतात: ऑर्डर दिल्याची, बिलाची, पैसे दिल्याची. यातली एकच ठेवायची सूचना होती. ती नाकारून तिन्ही ठेवल्या, मात्र प्रकल्पांची तुलना नेहमी बिलाच्या तारखेवर होईल असं ठरवलं. पैसे दिल्याची तारीख रोखीच्या नियोजनासाठी, ऑर्डरची तारीख ‘शब्द दिला आहे, बिल यायचंय’ अशा रकमेसाठी. ही शब्द दिलेली रक्कम न दाखवता अंदाजपत्रकात किती शिल्लक आहे ते सांगितलं, तर प्रमुखाची फसगत होते.

अंदाजपत्रकाबाबत पूर्वीची सवय अशी की सुधारित आकडा जुन्यावरच लिहायचा. त्यामुळे काम संपताना प्रत्येक प्रकल्प अंदाजात बसलेला दिसे. आता प्रत्येक मंजूर अंदाजपत्रक ही वेगळी आवृत्ती, तारीख आणि बदलाच्या कारणासह. अहवालात मूळ अंदाज, चालू अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च तिन्ही शेजारी येतात.

रकमांसाठी अचूक दशांश प्रकार वापरला. फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे संगणकाच्या अदमासे दशांश साठवण्याच्या पद्धतीत, ०.१ अधिक ०.२ याचं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, ‘बेरीज बिलाइतकी हवी’ ही अट त्यावर टिकत नाही. वाटणीतही असंच: १०० चे तीन समान भाग ३३.३३ चे केले तर ०.०१ उरतो. तो शेवटच्या ओळीत घालायचा, असा नियम लिहून ठेवला.

चुकीची नोंद पुसायची नाही, ती रद्द करणारी उलट नोंद करायची, आणि रुजवात झालेला महिना कुलूपबंद करायचा, हे लेखा विभागाच्या सवयीचं होतं. त्यावर चर्चाही झाली नाही.

तुलनेची क्वेरी: चूक लपते कशी

अंदाज आणि खर्च शेजारी दाखवणारा अहवाल दिसायला साधा. प्रकल्प आणि शीर्ष जुळवून अंदाजाच्या ओळी बिलांच्या ओळींना जोडायच्या आणि बेरीज करायची. चाचणीत ही क्वेरी न अडखळता चालली आणि आकडेही पटण्याजोगे होते. पण समजा एका शीर्षाला अंदाजाच्या दोन ओळी आहेत, ४०० आणि ६०० च्या, म्हणजे एकूण १,०००. बिलांच्या तीन ओळी, प्रत्येकी ३००, म्हणजे ९००. थेट जोडलं की प्रत्येक अंदाज-ओळ प्रत्येक बिल-ओळीशी जुळते आणि सहा ओळी होतात. अंदाज ३,००० दिसतो, खर्च १,८००. खर्च प्रत्यक्षात अंदाजाच्या ९० टक्के. अहवालात ६० टक्के. शेवटचा हप्ता जाईपर्यंत हात मोकळा आहे असंच प्रमुखाला वाटत राहणार.

हे चाचणीत पकडलं गेलं, कारण एका पूर्ण झालेल्या प्रकल्पाची बेरीज कागदावर आधीच काढून ठेवली होती. उपाय असा की दोन्ही बाजू आधी वेगवेगळ्या बेरजा करून प्रकल्प-शीर्षाच्या पातळीवर आणायच्या, आणि मगच जोडायच्या. जोडणीही ‘फुल आउटर’ हवी, म्हणजे जोडी न मिळालेल्या ओळीही दोन्ही बाजूंनी राखणारी. साध्या जोडणीत अंदाज असून खर्च नसलेली शीर्षं आणि अंदाज नसताना झालेला खर्च, दोन्ही गळतात. आणि व्यवस्थापनाला पाहायच्या असतात त्या नेमक्या याच ओळी.

अंमलबजावणी

जुना सगळा इतिहास बिलागणिक आणायचा मोह होता. ठरलं असं की चालू प्रकल्प पूर्ण तपशिलात आणि संपलेले शीर्षनिहाय बेरजांच्या रूपात, ‘सारांश’ अशी खूण करून आणायचे. जुनी शीर्षं हाताने बदलली नाहीत. ‘जुनं नाव कोणत्या नव्या भागात आणि प्रकारात जातं’ असं एक जोड-टेबल केलं, म्हणजे उद्या कोणी शंका घेतली तर नेमकं कशाचं काय झालं ते दाखवता येईल. ज्या दोन इमारतींवरून सगळं सुरू झालं, त्यांची बिलं मात्र अपवाद म्हणून मुळापासून पुन्हा चढवली.

सर्वात मोठा विरोध परिमाणाला झाला. रक्कम लिहितोच आहोत, मग किती पोती आणि किती मीटर हे कशाला, असा साइटवरच्या लोकांचा प्रश्न होता. पण परिमाणाशिवाय तुलना लंगडी राहते. एका प्रकल्पात १०० एककं ५० च्या दराने घेतली, खर्च ५,०००. दुसऱ्यात १२० एककं ४५ च्या दराने, खर्च ५,४००. नुसत्या रकमेवरून दुसरा प्रकल्प महाग. प्रत्यक्षात त्याने दर कमी मिळवला, त्यातून ६०० वाचवले. जास्तीच्या २० एककांनी १,००० वाढवले. एकाच ४०० च्या मागे एक शाबासकी आणि एक चौकशी दडलेली आहे. हे उदाहरण बैठकीत मांडल्यावर तडजोड झाली: परिमाण फक्त मोजक्या मोठ्या साहित्यासाठी सक्तीचं, बाकी ऐच्छिक.

मुख्यालयाच्या सामायिक खर्चाची वाटणी बिल-ओळींमध्ये केली नाही. ती अहवालाच्या पातळीवर, लिहिलेल्या सूत्राने होते आणि बंदही करता येते. प्रकल्प प्रमुखाच्या हातात नसलेला खर्च त्याच्या खात्यात कायमचा मिसळणं मला योग्य वाटत नाही.

निष्पत्ती

दोन्ही इमारती नव्या शीर्षांनुसार, कराशिवाय, बिलाच्या तारखेवर आणि आलेलं शेवटचं बिल धरून मांडल्या, तेव्हा दीडपटीचा फरक बराचसा विरघळला. उरला तो खरा होता आणि जवळपास सगळा परिमाणाचा: दुसऱ्या इमारतीत मुख्य पॅनलची जागा बदलल्याने केबल लांब टाकावी लागली होती. तिसऱ्या इमारतीत पॅनलची जागा नकाशाच्या टप्प्यावरच पक्की केली गेली आणि अंदाज त्या हिशेबाने धरला.

प्रमुखांनी आपापल्या एक्सेल फाइली लगेच सोडल्या नाहीत. बरेच दिवस नोंद दोन्हीकडे होत राहिली. त्या फाइली बंद पडल्या त्या आदेशाने नाही. प्रत्येक प्रमुखाला स्वतःच्या प्रकल्पाची थकलेली बिलं आणि ऑर्डरमध्ये अडकलेली रक्कम एका पानावर मिळू लागली, तेव्हा त्या मागे पडल्या. त्याआधी डेटाबेस त्यांच्याकडून फक्त मागत होता.

वाहतुकीचे आकडे अजून कच्चे आहेत. काही पुरवठादार वाहतूक दरातच धरतात, काही वेगळी लावतात, आणि बिलावरून ते नेहमी कळत नाही. त्या प्रकाराची प्रकल्पांमधली तुलना अहवालातून तूर्त वगळली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

तुलनेचे प्रश्न आधी लिहून काढायला हवे होते. ‘प्रति चौरस मीटर रंगकामाचा खर्च किती’ हा प्रश्न पहिल्या दिवशी कागदावर असता, तर रंगवलेलं क्षेत्रफळ कुठे नोंदायचं ते लगेच ठरलं असतं. प्रत्यक्षात प्रकल्पाच्या टेबलात फक्त बांधीव क्षेत्रफळ होतं आणि बाकी मोजमापांसाठी नंतर वेगळं टेबल जोडावं लागलं. तसंच एककांचं. कोणी पोत्यांत, कोणी टनांत नोंद करत होतं. रूपांतराचं टेबल उशिरा आलं आणि तोवरच्या ओळी एकेक करून पाहाव्या लागल्या.

साइट अभियंते शीर्षांच्या चर्चेत उशिरा आले. भाग आणि प्रकार वेगळे करण्याची सूचना त्यांच्यातूनच आली, हे पाहता त्यांना पहिल्या बैठकीपासून बसवलं असतं तर बराच वेळ वाचला असता.

चालू प्रकल्पाची संपलेल्या प्रकल्पाशी तुलना करायला काम किती टक्के झालं हे लागतं. तो आकडा दर महिन्याला घ्यायची सोय आहे, पण तो प्रमुखाच्या अंदाजावर चालतो. त्याऐवजी ठरलेले टप्पे घेतले असते (पाया पूर्ण, छत पूर्ण) तर तो वादातीत राहिला असता. आता तसा बदल चालू आहे. वेगवेगळ्या वर्षांतल्या प्रकल्पांसाठी किंमत-निर्देशांकाचं (आधारवर्षाच्या तुलनेत किमती किती बदलल्या ते दाखवणाऱ्या आकड्यांचं) वेगळं टेबल ठेवलं आहे आणि मूळ रकमांना हात लावलेला नाही, हे बरं झालं. आधारवर्ष बदललं तर फक्त अहवाल बदलतो.

आणखी एक जागा रुजवातीत सापडली. कंत्राटदाराच्या बिलातून काही टक्के रक्कम काम पक्कं होईपर्यंत रोखून ठेवतात. डेटाबेसमध्ये बिल पूर्ण, लेखा विभागाकडे पैसे कमी गेलेले, आणि दर महिन्याला तोच फरक समजावून सांगावा लागे. पैसे देण्याच्या टेबलात ‘रोखलेली रक्कम’ आणि तिची सोडण्याची तारीख असे दोन रकाने वाढवल्यावर तो फरक गेला. वर कोणत्या रकमा कधी सोडायच्या आहेत याची यादीही मिळाली, जी तोपर्यंत कोणाच्याच फाइलीत नव्हती.